लायडन रँकिंगची खुली आवृत्ती: युरोपातलं विद्यापीठ पारखायला कितपत कामाची?

वाशी असो की ठाण्याचा नौपाडा, परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे जे माहितीपत्रक हातात पडतं त्यात विद्यापीठाचा जागतिक क्रमांक सगळ्यात ठळक असतो. त्या क्रमांकात नावलौकिकाचे सर्वे, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, परदेशी विद्यार्थ्यांचा टक्का असं बरंच काही एकत्र कालवलेलं असतं. पीएचडीला किंवा थिसिस असलेल्या मास्टर्सला निघालेल्याला हवं असतं वेगळंच: आपल्या विषयात तिथे काम किती होतं आणि जगात ते कोणी वापरतं का. एवढ्यापुरतं बघायचं तर लायडन रँकिंगच्या खुल्या आवृत्तीइतकं चांगलं फुकट साधन दुसरं नाही. मात्र सुरुवातीला जी यादी समोर येते, तिच्यावर अजिबात जाऊ नका.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचं सीडब्ल्यूटीएस हे केंद्र ही रँकिंग काढतं. जुनी आवृत्ती वेब ऑफ सायन्स या विकतच्या डेटाबेसवर चालते. जानेवारी 2024 मध्ये आलेली खुली आवृत्ती ओपनअॅलेक्स या संशोधन-पेपरांच्या खुल्या डेटाबेसच्या मोफत डेटावर उभी आहे, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचा आकडा कोणत्या पेपरांवरून आला हे कोणालाही तपासता येतं. लॉगिन नाही, फी नाही. सर्वे किंवा मतं यांना इथे जागाच नाही, फक्त पेपर आणि सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले त्यांचे संदर्भ).

आता सेटिंग. यादी सुरुवातीला पेपरांच्या एकूण संख्येनुसार लागते, म्हणजे मोठं विद्यापीठ वर, छोटं खाली. ही संख्या आकार सांगते, दर्जा नाही. निर्देशक बदलून ‘पीपी टॉप 10 टक्के’ घ्या: विद्यापीठाच्या पेपरांपैकी किती टक्के पेपर त्या विषयात, त्या वर्षी जगातल्या सर्वाधिक सायटेशन मिळवणाऱ्या 10 टक्क्यांत बसले. जगाची सरासरी अर्थातच 10. मग विषयगट निवडा. गट पाचच आहेत आणि ढोबळ आहेत. भौतिकशास्त्रापासून सिव्हिल इंजिनीअरिंगपर्यंत सगळं एकाच गटात. देश निवडा, सर्वात अलीकडचा चार वर्षांचा कालखंड घ्या आणि फ्रॅक्शनल मोजणी चालू ठेवा.

ही शेवटची खूण बरेच जण काढून टाकतात आणि तिथेच फसतात. फ्रॅक्शनल मोजणीत पाच जणांच्या पेपरात दोन जण विद्यापीठाचे असतील तर विद्यापीठाला 0.4 पेपर मिळतो. पूर्ण मोजणीत तोच पेपर सगळ्यांच्या खात्यात अख्खा जमा होतो. 2015 मध्ये सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर पेपर काढला, त्याला 5,154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पानं नुसती लेखकांची आणि संस्थांची यादी. असा पेपर पूर्ण मोजणीत शेकडो संस्थांना एकेक अख्खा पेपर देतो, सायटेशनसकट.

सरासरी सायटेशनचा निर्देशकही (एमएनसीएस) ही रँकिंग काढते. तो का टाळायचा, याचं उदाहरण याच रँकिंगच्या 2011-12 च्या आवृत्तीत सापडतं. जर्मनीचं ग्योटिंगेन विद्यापीठ सरासरीनुसार जगात दुसरं आलं, आणि टॉप 10 टक्क्यांनुसार 238वं! कारण एकच पेपर. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये शेलएक्स या क्रिस्टलोग्राफीच्या (स्फटिकांची रचना शोधण्याच्या) सॉफ्टवेअरवर लेख लिहिला आणि जगभरात ते सॉफ्टवेअर वापरणारा प्रत्येक जण तो सायट करू लागला. 2010 अखेर 16,000 वर सायटेशन. त्या एका पेपरने अख्ख्या विद्यापीठाची सरासरी 1.09 वरून 2.04 वर गेली. टक्केवारीत तोच पेपर फक्त एक पेपर म्हणून मोजला जातो. हा गोंधळ सीडब्ल्यूटीएसने स्वतःच आकड्यांसकट छापला. इतका प्रामाणिकपणा रँकिंगच्या धंद्यात दुर्मीळ आहे.

आकड्यासोबत स्थिरता-पट्टा (आकडा योगायोगाने कुठून कुठपर्यंत हलू शकतो ती मर्यादा) दिसतो, तो वाचल्याशिवाय तुलना करू नका. साधा हिशोब: एखाद्या विषयात विद्यापीठाचे 200 पेपर असतील तर निव्वळ योगायोगाने 10 टक्क्यांचा आकडा सुमारे 4 टक्के वर-खाली होऊ शकतो. म्हणजे एकाचे 11 आणि दुसऱ्याचे 14 टक्के असले तरी त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. दोन्ही पट्टे एकमेकांवर बरेच चढत असतील तर दोन्ही विद्यापीठं सारखी समजा आणि फी, शहर, गाईड यांवर ठरवा.

उणिवा आहेत, त्यातल्या दोन मोठ्या. पहिली म्हणजे आंतरराष्ट्रीय जर्नलांमधले इंग्रजी पेपर तेवढे धरले जातात. फ्रेंच साहित्य, जर्मन इतिहास, कायदा या विषयांत काम पुस्तकांतून आणि स्थानिक भाषेत होतं, ते इथे जवळपास गायब. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हे पान बंद केलेलं बरं. दुसरी उणीव पत्त्यांची. जर्मनीत माक्स प्लांक संस्था विद्यापीठांपासून स्वतंत्र आहेत. पीएचडीची पदवी म्युनिकच्या विद्यापीठाची, पण पेपरवर पत्ता कधीकधी फक्त माक्स प्लांकचा. बर्लिनचं शारिते रुग्णालय दोन विद्यापीठांचं सामायिक. फ्रान्समध्ये प्रयोगशाळा सीएनआरएस ही राष्ट्रीय संशोधन संस्था आणि विद्यापीठ मिळून चालवतात, शिवाय विलीनीकरणं झालेली: आजचं सोरबॉन विद्यापीठ 2018 मध्ये दोन विद्यापीठं एकत्र येऊन झालं. म्हणून जर्मनी आणि फ्रान्सच्या आकड्यांकडे जरा जपूनच पाहावं.

पाच ढोबळ गटांच्या खाली उतरायचं तर थेट ओपनअॅलेक्सवर जावं लागतं. तिथे संस्थेचं नाव टाका, विषयाची गाळणी लावा (सुमारे 4,500 विषय आहेत, म्हणजे ‘बॅटरी’पाशी थांबावं लागत नाही), गेली पाच वर्षं घ्या, प्रकार ‘आर्टिकल’ ठेवा. कोणत्या दोन-चार लेखकांची नावं वारंवार येतात ते बघा. तुमचे संभाव्य गाईड तेच. ओपन अॅक्सेसची (फुकट वाचता येणाऱ्या पेपरांची) गाळणी इथे फार उपयोगी पडते. विकतची जर्नलं वाचायला देणारी, 2025 पासून सुरू झालेली वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सरकारी संस्थांसाठी आहे आणि नेरूळ-ऐरोलीकडची बरीच इंजिनीअरिंग कॉलेजं खासगी. खुले पेपर गाळले की वाचायला तरी मिळतात.

ओपनअॅलेक्समध्ये कचराही आहे. एकाच नावाची माणसं एकत्र होतात, ‘एस. पाटील’ शोधून बघा, म्हणजे कळेल. प्रीप्रिंट (छापण्याआधी खुला केलेला मसुदा) आणि छापील पेपर कधी दोनदा मोजले जातात, काही नोंदींना संस्थाच नसते. गाईडची यादी त्यांच्या ऑर्किड क्रमांकावरून (संशोधकाचा ओळख क्रमांक) किंवा विद्यापीठाच्या पानावरून पडताळून घ्या. तरीही डेटा कामाचा आहे: 2023 अखेर सोरबॉनने वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद केली आणि ते ओपनअॅलेक्सकडे वळलं.

लोकलमध्ये मोबाईलवर हे काम करू नका. तक्ता आडवा पसरतो आणि गाळण्या लावताना चुका होतात. आणि एक वर्षाचा नुसत्या लेक्चरचा मास्टर्स करून नोकरी शोधायची असेल, तर या साइटवर घालवलेला वेळ वाया. त्यापेक्षा त्या कोर्सचे जुने विद्यार्थी सध्या कुठे नोकरीला आहेत ते शोधा.