बारा महिने माथेरान: चालणाऱ्याचा अनुभव

माथेरानबद्दलचे बहुतेक अभिप्राय दोन दिवस राहून लिहिलेले असतात, तेही मे महिन्यातले नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतले. मी गेल्या जूनपासून बाजाराच्या मागे खोली भाड्याने घेऊन राहतोय. दिवसभर घरून काम आणि सकाळ-संध्याकाळ चालणं. त्यामुळे वर्षभर हिंडायला हे गाव कसं आहे, तेवढंच सांगतो.

चालायची आवड असेल तर आपल्याकडे याच्या तोडीचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वाहनतळाच्या, पुढे मोटारगाडी येत नाही. रुग्णवाहिका आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर सगळं पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने. उंची जेमतेम ८०० मीटर, म्हणजे कडाक्याची थंडी नाही, पण झाडी इतकी दाट की भर दुपारीही सावलीतून हिंडता येतं.

सर्वांत सुंदर दिवस पावसाचे. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे जुलैत पॉइंटवरून काहीच दिसत नाही. देखावे बघण्यासाठी येऊच नका, चालण्यासाठी या. धुक्यात दहा पावलांपुढचं झाड दिसत नाही, आणि त्यातून शीळकरी कस्तूर हा पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालतो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा कोणीतरी हाक मारतंय म्हणून मी थांबलोच होतो. मात्र या दिवसांत कड्याच्या टोकाला जाऊ नये. कठड्यापलीकडची माती भिजून सुटलेली असते आणि गवतामुळे कडा नेमका कुठे संपतो ते कळत नाही. शार्लोट तलाव भरून वाहतो तेव्हा पाण्यात उतरायचा मोह होतो, तोही टाळा. नेरळहून वर येणारी, १९०७ पासूनची छोटी रेल्वेगाडी पावसाळ्यात बंद असते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल मात्र चालते.

आता वाटांविषयी. जांभ्याची लाल माती पावसात पाय छान धरते. फसवते ती उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये उतारावर बारीक खडे सुटतात आणि ज्वारीवर पाय पडावा तसा बूट सरकतो. गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज इथे चालत नाहीत, खोल खाचांचा रबरी तळ हवा. मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेत. धूळ आणि चिखल कमी झाला हे खरं, पण घोडे त्यावर घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार मला पटते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकच्या वाटांवर नकोत, असं सांगितलं. त्याच निकालात हातरिक्षाही बंद करायला सांगितल्या. दोन्ही गोष्टींनी मला मनापासून बरं वाटलं. आतल्या मातीच्या वाटा गेल्या तर इथे चालायला यायचं कशाला?

माझी आवडती फेरी दक्षिणेची: अलेक्झांडर, रामबाग, छोटा चौक, मोठा चौक, वन ट्री हिल हे पॉइंट आणि तिथून शार्लोट तलावाकडे परत. रामबागला सकाळी लवकर पोचलात तर खालच्या वाड्यांतली माणसं डोक्यावर ओझं घेऊन वर येताना भेटतात. आपण ज्याला ट्रेक म्हणतो ती त्यांची कामाला यायची रोजची वाट. थांबून आधी त्यांना जाऊ द्यावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी असते, लुइझा पॉइंटवरून समोरचा प्रबळगड स्पष्ट दिसतो. थंडीत खाली धुरकं साचतं. थंडी सरताना अंजनी फुलते, तेव्हा फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके लागतात. मेमध्ये करवंदं आणि जांभळं मिळतात, पण गर्दी आणि घोड्यांच्या टापांनी उडालेली लाल धूळ सोसावी लागते. शनिवार-रविवार तर टाळाच.

राहण्याच्या अडचणी आहेत. पावसाळ्यात वीज सारखी जाते, कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते. घरमालकाने ओल येत नाही असं सांगितलं होतं, पण ऑगस्टमध्ये भिंतीचे पोपडे निघाले. भाजी-किराणा खालून चढवून आणावा लागतो, म्हणून महाग. माकडांमुळे खिडकीला जाळी हवीच.

आई-वडिलांना आणायचं असेल तर नोव्हेंबरातला मधला वार बघा, शटलने वर या आणि मुक्काम तलावाच्या बाजूला घ्या. तिथून एको पॉइंटपर्यंतची वाट फारशी चढउताराची नाही. माझे वडील काठी टेकत, मध्ये दोनदा बसून, आरामात जाऊन आले.