बाबांच्या स्ट्रोकनंतर नऊ महिने वापरलेल्या हेल्थ वेबसाइट्स, माझा रिव्ह्यू

मार्चमध्ये बाबांना स्ट्रोक आला, आपल्याकडे लकवा म्हणतात तो, उजवी बाजू गेली आणि वाचा पण गेली. त्या रात्री आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून मोबाईलवर काय काय वाचलं ते आठवलं तरी अजून पोटात गोळा येतो. एका पानावर तेलाची जाहिरात, दुसऱ्यावर इतक्या दिवसांत लकवा बरा करायची गॅरंटी, आणि त्यात मोठ्या आत्याचा फॉरवर्ड, बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा म्हणून. आत्या मायेनेच पाठवते हो, पण हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय आणि तो साफ खोटा आहे. बोटातून रक्त काढून मेंदूतल्या गुठळीला काहीच होत नाही, वेळ तेवढा जातो, आणि मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर उपचार मिळेपर्यंत मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, मरतात.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाने ब्रिटनच्या एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, लिंक दिली आणि तिथून जरा डोकं ठिकाणावर आलं. चेहरा, हात, बोलणं बघा आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, एवढं साधं लिहिलंय. (तिथला नंबर 999, आपल्याकडे 108 लावायचा.) गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत का द्यावं लागतं ते मला तिथंच नीट कळलं. आणि स्ट्रोक गुठळीने झालाय की रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी आपल्या मनाने ॲस्पिरिन द्यायची नाही! शेजारचे काका गोळी घेऊनच आले होते. पानाच्या तळाला शेवटचं कधी तपासलं आणि पुढं कधी तपासणार या दोन्ही तारखा असतात, आता मी कुठलीही साइट उघडली की आधी खाली जाऊन तारीखच बघते.

अमेरिकेचं मेडलाइनप्लस पण चांगलं आहे, सरकारी आहे, जाहिराती नाहीत, औषधांची माहिती शोधायला मी तेच वापरते. रिपोर्टमधला एखादा शब्द कळला नाही की तिथं टाकायचा.

पण खरा आधार झाला तो ब्रिटनच्याच स्ट्रोक असोसिएशनचा. घरी आणल्यावर बाबा रडायला लागले, म्हणजे नातू आला की रडायचे, टीव्हीवर आरती लागली की रडायचे, कधी कधी तर चहाचा कप पुढे केला तरी. आईला वाटायचं यांनी जगायची उमेदच सोडली, ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची, आम्ही सगळे त्यांच्यासमोर गप्प गप्प राहायला लागलो. मग एका रात्री स्ट्रोक असोसिएशनच्या साइटवर वाचलं की याला इमोशनॅलिझम म्हणतात, मेंदूचा भावना आवरणारा भाग दुखावला की रडू किंवा हसू आपोआप फुटतं, मनात तेवढं दुःख असेलच असं नाही, आणि बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं. मी आईला शेजारी बसवून वाक्य न् वाक्य मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा रडले तेव्हा आई म्हणाली, "असू दे हो, होतं असं, घ्या चहा," आणि बाबांनी चहा घेतला. अफेजियाची, म्हणजे स्ट्रोकनंतर भाषा अडखळते त्याची, माहिती पण तिथंच मिळाली. बाबा चहा मागायचे तेव्हा तोंडातून "चप्पल" यायचं, आम्हाला वाटायचं डोक्यावर परिणाम झाला, पण त्यांना सगळं कळत होतं, शब्द तेवढा हाताला लागत नव्हता.

उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेची साइट जरा जड आहे, पण साध्या भाषेतला सारांश असतो तो वाचायचा. ओळखीच्या एकांनी सेरेब्रोलायसिन नावाच्या इंजेक्शनचा महागडा कोर्स सुचवला होता. कॉक्रेनच्या परीक्षणात होतं की गुठळीच्या स्ट्रोकमध्ये त्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट जीवघेणे नसलेले गंभीर त्रास वाढू शकतात. मी त्याची प्रिंट घेऊन डॉक्टरांकडे गेले, त्यांनी शांतपणे समजावलं आणि आम्ही कोर्स केला नाही.

मार्क कापायचे तर भाषेचे. मी वापरलं ते सगळं इंग्रजीत, आणि उदाहरणं पण तिकडचीच. मीठ कमी करा म्हणतात पण लोणचं, पापड, ठेचा यांचं काय ते कुठंच नाही, शेवटी आहारतज्ज्ञांना विचारून मीच आईसाठी वहीत लिहून काढलं. ज्या बाईला दिवसरात्र पेशंटचं करायचंय तिलाच वाचता येत नसेल तर काय उपयोग? स्ट्रोक असोसिएशनला पाचपैकी साडेचार, एनएचएसला चार, मेडलाइनप्लसला चार, कॉक्रेनला तीन.

कुणाकडे स्पीच थेरपिस्टने तयार केलेले मराठी शब्दांचे चांगले व्यायाम असतील तर प्लीज खाली टाका, बाबा आता "चहा" नीट म्हणतात, पुढचे शब्द हवेत.