जुने रोल घरी धुताना: टाकी उत्तम, रीळ डोकेदुखी

फिल्म केमिकलने धुवायच्या टाकीत एक रीळ असतं, त्याच्या चरांत आधी अंधारात फिल्म चढवायची. गेल्या महिन्यात त्या रिळातली फिल्म पुढे सरकवणारी बारीक पोलादी गोळी निसटली, तीही चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायची अंधारी पिशवी), अर्धा रोल चढवून झाल्यावर. दुकानदार म्हणतो, रिळावर वॉरंटी नसते, नवीन घ्या. म्हणून हे लिहितोय.

टाकीबद्दल तक्रार नाही. थेंब गळत नाही, १२० चा (मागे कागद असलेला रुंद) रोल ५०० मिलीत बुडतो. घोडं अडतं ते रिळावर. ताजा रोल सरसर चढतो, पण कॅमेऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेली फिल्म जरा सैल सोडली की वळकटीसारखी गुंडाळते. त्यात पावसाळ्यात बॅगेत हाताला घाम, रीळ किंचित दमट, की फिल्म गोळ्यांपाशी चिकटलीच. ओढाल तर मुडपून कायमचे वण पडतात. रीळ हेअर ड्रायरने खडखडीत वाळवायचं, फिल्मचे पुढचे कोपरे तिरपे कापायचे, मग थोडं जमतं. आता तोंडाशी रुंद पट्ट्या असलेलं दुसऱ्या कंपनीचं रीळ घेतलंय. याच टाकीत बसतं, वर स्वस्त. मग मूळ रिळाचे एवढे पैसे कशाचे?

केमिकलबाबत मत बदललं. आधी रोडिनाल हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) वापरायचो. थोडक्यात भागतं म्हणून. पण जुन्या रोलवर आधीच धुरकटपणा, त्यात याचे जाड दाणे. आता एचसी-११०, एकास ३१ पाणी. ५०० मिलीला जेमतेम १६ मिली लागतं. बाटली घेताना जीवावर आलं होतं, पण उघडून इतके महिने झाले तरी चालतेय. पाणी २० अंशांवर आणायला बर्फ लागतो, तो खर्च कुणी धरत नाही.

बडोद्यात बनलेल्या एका आग्फा क्लिक थ्रीमध्ये उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल निघाला. गॅलरीत सूप घेऊन उभी असलेली बाई, आणि तिच्या कपाळावर पाठच्या कागदावरचा फ्रेमचा आकडा ७ उमटलेला! हा आकडा बघायच्या, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीसमोरची फ्रेम मात्र निगेटिव्हवर ठार काळी.

कोडाक्रोम (कोडॅकचा जुना रंगीत रोल) सापडला तर रंगांची आशा सोडा. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ड्वेन्स फोटो या लॅबने २०१० च्या अखेरीस तो घेणं थांबवलं, त्यानंतर कुठलीही लॅब तो रंगीत धूत नाही. याच टाकीत कृष्णधवल निघतो, पण मागचा काळा थर चोळून काढताना मोरीचं काय होतं ते घरच्यांना विचारा. सी-२२ या जुन्या धुण्याच्या पद्धतीचे रंगीत रोलही मी कृष्णधवलच धुतो.

टाकीला चार तारे, रिळाला शून्य. रिळाशिवाय सुटी टाकी कुठे मिळत असेल तर कळवा, मित्राला घ्यायची आहे.