कापलेल्या ली-एनफील्डची पुनर्बांधणी : एका कारागिराच्या कामाविषयी
१९१७ साली बनलेल्या माझ्या ली-एनफील्ड मार्क ३ या ब्रिटिश लष्करी रायफलचे पुढचे लाकूड पूर्वीच्या मालकाने शिकारीसाठी कापले होते, टोकाचे पोलादी टोपणही काढले होते आणि वर गंज चढला होता. इंग्लंडमधील ज्या कारागिराकडे ती सोपवली, त्याने गंज खरवडून न काढता सुटे लोखंडी भाग पाण्यात उकळले. त्यामुळे तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलला आणि बारीक स्टील वूलने (पोलादी तंतूंच्या बोळ्याने) हलकेच पुसल्यावर जुने शिक्के स्पष्ट वाचता आले. सुदैवाने नळी मूळ २५.२ इंचांचीच होती. ती कापलेली असती, तर हा खर्च मी केलाच नसता. पुढे नव्याने बसवलेले आणि मागचे जुने, अशा अक्रोडाच्या दोन लाकडांचा रंग मात्र जवसाचे तेल अनेकदा चोळूनही जुळलेला नाही, आणि तेवढ्यासाठी चार महिने थांबावे लागणे मला पटले नाही.