गुशैनीचा घरगुती मुक्काम आणि रोल्याची वाट

चैत्रात हिमाचलला जायचे म्हटले की बहुतेक मराठी मंडळी मनाली गाठतात आणि बर्फापर्यंत जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस घालवून परत येतात. त्याच महामार्गावर औटचा बोगदा लागण्यापूर्वी बंजारचा फाटा धरला आणि पुढे तीर्थन नदीच्या काठाने गुशैनी गाठले, तर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंबरठ्यावर पोहोचता येते. या भागातील घरगुती मुक्काम आणि त्यांच्यामार्फत मिळणारी वाटाड्याची सेवा, या दोन्हींविषयी हा अभिप्राय आहे. येथील बरीचशी घरे थोड्याफार फरकाने एकाच पद्धतीने चालत असल्यामुळे एका घराचे नाव घेण्यापेक्षा एकूण व्यवस्थेबद्दल लिहिणे अधिक उपयोगी ठरेल.

आम्ही उतरलो ते घर जुन्या काठकुणी पद्धतीचे होते. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर एकावर एक रचून उभारलेल्या या भिंती रात्रीच्या थंडीत उबदार राहतात, त्यामुळे एप्रिलमध्येही जाड रजईवर भागते. वीज मधूनच जाते आणि गरम पाणी बादलीने मिळते. ज्यांना याचा त्रास वाटतो त्यांनी बंजारमध्ये हॉटेल पाहावे. जेवण मात्र उत्तम होते. अक्रोड आणि खसखशीचे सारण भरून वाफवलेला सिड्डू मधोमध फोडून त्यावर घरचे तूप ओतले जाते, आणि वसंतात नुकत्याच उगवलेल्या नेच्याच्या कोवळ्या गुंडाळ्यांची, म्हणजे लिंगडीची, भाजी पानात येते. या दोन पदार्थांसाठी पुन्हा जायला माझी हरकत नाही.

उद्यानात शिरण्यासाठी परवाना लागतो आणि तो गुशैनीच्या अलीकडे साई रोपा येथे मिळतो. रोला, म्हणजे उद्यानातला पहिला मुक्कामाचा पट्टा, गुशैनीपासून साधारण दहा किलोमीटरवर आहे. गाडीरस्ता संपल्यावर वाट नदीची साथ सोडत नाही, चढ सौम्य आहे, आणि या दिवसांत बानच्या, म्हणजे ओकच्या, काळपट हिरव्या रानात बुरांशची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, लालभडक फुललेली झाडे मध्येच पेटल्यासारखी दिसतात. सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्याला ही वाट अवघड नाही. तरीही गावातला वाटाड्या बरोबर घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण वाट चुकण्याची भीती हे नाही.

आमचा वाटाड्या मोजके बोलणारा, पण नजरेने तरबेज होता. फेसाळत्या पाण्यातल्या एका दगडाकडे त्याने बोट दाखवले, तेव्हा तिथला तपकिरी पक्षी सरळ प्रवाहात बुडी मारून काही क्षणांनी वरच्या अंगाला बाहेर आला. पांढऱ्या डोक्याचा, लाल शेपटीचा दुसरा पक्षी शेजारच्या खडकावर शेपटी हलवत बसला होता. पुढे एका वळणावर त्याने पाचोळा बोटांनी अलगद बाजूला करून जाळीदार टोपीची गुच्छी, म्हणजे एक रानअळंबी, दाखवली आणि तो पाचोळा पुन्हा तसाच ओढून घेतला. वाळलेली गुच्छी किलोला हजारो रुपयांच्या भावाने जाते. ती गोळा करणे, जडीबुटी खणणे आणि उन्हाळ्यात मेंढरे वरच्या कुरणांवर नेणे यांवर या खोऱ्यातील कित्येक घरांची मिळकत अवलंबून होती. 1999 मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि 754.4 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात हे सारे थांबले. 2014 मध्ये युनेस्कोने ज्या रानाला जागतिक वारसा म्हटले, त्याची किंमत सीमेलगतच्या गावांनी अशी मोजली आहे. म्हणूनच वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करणारे आपले ट्रेकर मला खटकतात. 2025 मध्ये लोहगडासह आपले अकरा किल्ले त्याच यादीत गेले. पावसाळी रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवरची रेटारेटी पाहिली की पायथ्याच्या गावातील माणूस बरोबर घेण्याची ही पद्धत तिथेही रुजायला हवी, असे वाटते.

आता उणिवा. खोली, जेवण, वाटाड्या, परवाना आणि दुपारची शिदोरी यांचा एकत्रित हिशोब आम्हाला आधी सांगितला गेला नाही. रक्कम अवाजवी नव्हती, पण ती निघताना कळावी हे बरे नव्हे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आमच्या यजमानांच्या जाहिरातीत जुजुराणा या दुर्मीळ पक्ष्याचे मोठे चित्र होते, जणू तो अंगणातूनच दिसणार आहे. हिमाचलचा हा राज्यपक्षी बराच वरच्या, दाट रानात राहतो आणि त्यासाठी रोल्याहून पुढे शिल्टपर्यंत चढून मुक्काम करावा लागतो. तेव्हाही दर्शनाची खात्री नसते. चित्र काढून टाकावे किंवा खाली खरे ते लिहावे. उद्यानाच्या हद्दीबाहेर नदीकाठी लावलेल्या काही तंबूंमधून रात्री मोठ्याने गाणी वाजत होती. त्यात या घराचा दोष नाही, परंतु आरक्षण करताना नदीलगतची जागा टाळून गावातील वरच्या अंगाचे घर मागावे.

मासेमारीची हौस असणाऱ्यांसाठी एप्रिल चांगला आहे, कारण ट्राउटचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बंदीचा काळ तेव्हा संपलेला असतो. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडावा. तीर्थनची कीर्ती ज्या तपकिरी ट्राउटमुळे झाली तो मूळचा इथला नाहीच, इंग्रजांनी आणून सोडलेला आहे. संरक्षित रानाच्या दाराशी परक्या माशाचे इतके कौतुक व्हावे ही गंमतच म्हणायची.

एकूण पाहता पाचपैकी चार गुण. एक गुण हिशोबाचा आणि त्या चित्राचा कापला आहे. आठ-दहा वर्षांची मुले आणि चालण्याची सवय असलेले ज्येष्ठ रोल्यापर्यंत सहज येऊ शकतील. पावसाळ्यात मात्र दरडींमुळे हा बेत आखू नये. ओळखपत्राच्या छायाप्रती जवळ ठेवाव्यात आणि लागणारी रोकड बंजारमध्येच काढून घ्यावी.