ट्रेंडवर रील करून देणारी एजन्सी : एका फराळवाल्याचा अभिप्राय

दादर पश्चिमेला आमचे फराळाचे दुकान आहे आणि गेल्या गणपतीपासून आम्ही अंधेरीतील एका एजन्सीकडून व्हायरल ट्रेंडवर आधारित रील करून घेत आहोत. दरमहा २५ हजार रुपयांत १२ रील, त्यांचे चित्रीकरण, मजकूर आणि महिनाअखेरीस प्रतिसादाचा अहवाल, असे पॅकेज आहे. पुढे तक्रारीही असल्यामुळे एजन्सीचे नाव देत नाही.

वेगाच्या बाबतीत या मंडळींना नावे ठेवता येणार नाहीत. सकाळी एखादा ट्रेंड वर येताना दिसला, की दुपारपर्यंत कल्पना मंजुरीसाठी येते आणि संध्याकाळी मुले कॅमेरा घेऊन दुकानात हजर असतात. ही घाई आवश्यकच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका पाकिस्तानी तरुणीच्या व्हिडिओतील ‘पावरी हो रही है’ या वाक्याची लाट आली, तेव्हा ब्रँडच काय, पोलिसांनीही ती वापरली, पण अशा लाटेवर महिन्याभराने स्वार होणारा हास्यास्पद ठरतो.

तथापि, वेगाच्या भरात माल मागे पडतो. पहिल्या भेटीत आम्हाला अमूलचे फलक दाखवण्यात आले होते. १९६६ पासून मुंबईकर ते पाहत आले आहेत. विषय ताज्या घडामोडीचा असला, तरी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी तीच असते आणि कोटी फिरून फिरून लोण्यावरच येते. आमच्यासाठी केलेल्या बहुतेक रील मात्र कोणत्याही दुकानाच्या नावावर खपल्या असत्या. त्यांपैकी एकीत दोन तरुण ट्रेंडिंग संवादावर ओठ हलवतात आणि शेवटी त्यांच्या हातात चकली येते. ती रील भरपूर पाहिली गेली, परंतु इन्स्टाग्रामच्या आकडेवारीत वरची शहरे दिल्ली आणि लखनौ निघाली. आमची घरपोच सेवा माहीमपासून परळपर्यंतच आहे!

याउलट, कारखान्यातील ताईंच्या हातांवर केलेली रील दर्शकसंख्येत बरीच मागे राहिली, पण तिने गिऱ्हाईक आणले. तिच्यातही त्या आठवड्यातले चलतीचे संगीत होते. फरक इतकाच, की ठेक्यावर सोऱ्या फिरत होता, कागदावर चकलीचे वेढे पडत होते आणि काटा नीट उठलेला जवळून दिसत होता. दुसऱ्या दिवसापासून लोक गल्ल्यावर मोबाइल पुढे करून ‘ही भाजणी सुटी मिळते का’ असे विचारू लागले. महिनाअखेरच्या अहवालात या विचारणेसाठी रकानाच नव्हता. रीच (म्हणजे रील किती जणांपर्यंत पोचली) आणि लाइक मात्र ठळक अक्षरांत होते. शेवटी ती नोंद आमच्या गल्ल्यावरच्या मुलाने वहीत ठेवली.

हक्कांविषयीची बेफिकिरी मला सर्वांत गंभीर वाटते. इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खात्याला चित्रपटगीतांचे संपूर्ण भांडार उपलब्ध नसते. जाहिरातीसाठी मोकळे असलेले संगीत इन्स्टाग्रामची मालक कंपनी असलेल्या मेटाच्या साउंड कलेक्शनमध्ये वेगळे मिळते. यावर एजन्सीचा तोडगा असा, की गाणे बाहेरून जोडून टाकावे, कारण ‘सगळेच करतात’. क्रिकेटमधील विजयानंतर एका खेळाडूच्या छायाचित्राशेजारी आमचा लाडवांचा डबा ठेवलेले अभिनंदनाचे चित्रही मंजुरीसाठी आले होते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर पी. व्ही. सिंधूचे नाव आणि छायाचित्र परवानगीविना वापरणाऱ्या ब्रँडांविरुद्ध तिचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीने कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला होता, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे. अशा अभिनंदनाच्या आड जाहिरातच असते आणि नोटीस आली, तर ती दुकानाच्या पत्त्यावर येते. आम्ही ते चित्र परत पाठवले.

मजकुराकडेही लक्ष द्यावे लागते. दिवाळीच्या रीलवर ‘दिपावली’ असे ऱ्हस्व लिहून आले होते. दादरमध्ये हे खपत नाही.

कराराची मुदत आम्ही वाढवली आहे, मात्र दरमहा १२ ऐवजी चारच रील ठरवल्या आहेत. प्रत्येक रीलमध्ये पदार्थ किंवा तो करणारे हात दिसलेच पाहिजेत, संगीताचा स्रोत लेखी कळवला पाहिजे आणि जो ट्रेंड आमच्या मालाशी जुळत नाही तो सोडून द्यावा, अशा अटी घातल्या आहेत. शुल्क १२ हजारांवर आले. पाचपैकी तीन तारे देईन. त्यांतले दोन निव्वळ वेगासाठी. ज्यांचा माल ऑनलाइन देशभर जातो, त्यांना मूळचे मोठे पॅकेजही परवडू शकेल. एका भागापुरत्या दुकानाने सही करण्यापूर्वी एजन्सीने केलेल्या जुन्या रील मागवाव्यात आणि दुकानाचे नाव झाकून त्या पाहाव्यात.