तोंड उघडेना म्हणून स्टडीत नाव घातलं, सहा महिन्यांचा रिव्ह्यू

पहिलं सांगून ठेवतो, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. बेळगावात कान-नाक-घसा विभाग असलेली हॉस्पिटलं काय एक-दोन नाहीत, आणि मला तक्रार पण करायची आहे, उगच कुणाच्या पोटावर पाय नको. पाचपैकी चार स्टार देतो. एक कुठं कापला ते पुढं येतंय.

मी उद्यमबागच्या कारखान्यात टर्नर. लेथवर बावीस वर्षं झाली, त्यातली पंधरा सुपारी-तंबाखूचा मावा खाण्यात गेली, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून सुरू केलेला. गुटखाबंदी म्हणाल तर महाराष्ट्रात २०१२ ला आली, आमच्याकडं कर्नाटकात २०१३ ला, पण झालं काय, सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, दोन्ही एकाच टपरीत एकमेकीच्या शेजारी लटकलेल्या, फाडायच्या आणि हातावर एकत्र करायच्या. बंदी राहिली बोर्डावर.

खरं म्हणजे मी तोंडासाठी गेलोच नव्हतो. उजव्या कानात दडा बसल्यासारखं व्हायचं, वाटलं फाउंड्रीच्या आवाजानं कान गेला. ओपीडीत डॉक्टरनी कान बघितला, मग म्हणाले तोंड उघडा. उघडलं. म्हणाले पूर्ण उघडा. मी म्हटलं हेच पूर्ण. ते गप्प झाले आणि आतल्या मॅडमना हाक मारली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिखट खाल्लं की आग होते, वडापाव तोडून तोडून खातो, हे सगळं दोन वर्षं चाललेलं होतं पण कोण लक्ष देतंय. पाणीपुरी तर बंदच झालेली. आमच्या धंद्यात गो आणि नो-गो असे गेज असतात, जॉबच्या भोकात एक बाजू जायला पाहिजे आणि दुसरी जायला नको. माझ्या तोंडाला पाणीपुरी नो-गो झालेली, कळायला तेवढं बास होतं, पण नाही कळलं.

आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. मॅडमनी समजावलं ते असं, की सुपारीत अरेकोलीन म्हणून द्रव्य असतंय, त्यानं गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू बनवणाऱ्या पेशी जादा काम करायला लागतात, आणि सुपारीतलंच तांबं त्या तंतूंचं विणकाम आणखी घट्ट करतंय. मी म्हटलं म्हणजे रबरी वायसर जुना होऊन कडक पडतो तसं. हसल्या, म्हणाल्या तसंच धरा. कानाचं पण त्यातच निघालं, घशाकडून कानाकडं जी नळी जाते ती उघडायचं काम टाळूचे स्नायू करतात, तेच आखडले की दडा. मी आपला फाउंड्रीला शिव्या घालत होतो. आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालतंय काय असं विचारलं (आमच्यात सगळ्यांना असंच वाटतंय) तर म्हणाल्या हा रोग सुपारीचाच हो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ सालीच नुसत्या सुपारीलाही माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत घातलंय. केरळात एर्नाकुलमला अशा ६६ पेशंटवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं म्हणे, त्यात ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. हे ऐकून मी खिशातली पुडी तिथल्याच डब्यात टाकली. बाहेर येऊन परत घ्यावी असं एकदा वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता स्टडी, म्हणजे दोन उपचारांत बरा कुठला ते बघायचा अभ्यास. मेडिकल कॉलेज म्हटलं की तिथं पीजी करणारे डॉक्टर थेसिससाठी पेशंट गोळा करायलेत, हे मला माहीत नव्हतं. कोण म्हणालं "तुमच्यावर प्रयोग करतील, उंदीर करतील", ते आमचे शेजारी. घरच्यांनी तर रडायचंच बाकी ठेवलं होतं.

संमतीचा कागद समोर आला तो कानडी. मला कानडी बोलता येतंय, मालकाशी रोज बोलतोयच, पण चार पानं वाचून सही करायची म्हणजे जमत नाही. सांगितल्यावर कपाटातनं मराठी कागद काढला, म्हणजे होता, पण मागितल्याशिवाय निघत नाही. आणि ते मराठी! "आपणांस यादृच्छिक पद्धतीने गटात समाविष्ट करण्यात येईल." मी दहावी मराठी मीडियम, चार वेळा वाचलं, शेवटी कानडीच बरं होतं असं वाटायला लागलं. पीजी मॅडम आंध्राच्या, त्यांना हिंदी येतंय तेवढंच. मग खानापूरकडच्या एक सिस्टर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, चिठ्ठी काढल्यासारखं असतंय बघा. एका चिठ्ठीत इंजेक्शन, एका चिठ्ठीत गोळ्या. तुमच्या नशिबाला जी येईल ती. डॉक्टरनी निवडायचं नाही, तुम्ही पण निवडायचं नाही." मी विचारलं, डॉक्टरला कळत नाही काय कुणाला काय द्यायचं? तर म्हणाल्या, डॉक्टरला जे आवडतंय ते तो बऱ्यातल्या पेशंटला देतो आणि मग म्हणतो बघा माझंच औषध चाललं. एवढं एक वाक्य कागदावर लिहिलं असतं तर चार पानांची गरजच नव्हती. त्या सिस्टरना अर्धा स्टार जादा.

दोन्ही औषधं आधीपासून वापरातलीच, नवीन काय नाही. गालाच्या आत हायल्युरोनिडेज आणि डेक्सामेथासोनचं इंजेक्शन एका बाजूला, लायकोपिनच्या गोळ्या दुसऱ्या बाजूला, लायकोपिन म्हणजे टोमॅटोला लाल करतंय ते. व्यायाम दोघांना. आजार पूर्ण बरा होत नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, हे मला आवडलं. कधीही सोडून जाता येतंय, सोडलं तरी उपचार थांबणार नाही, हे पण सांगितलं.

माझ्यादेखत बंद पाकीट फोडलं, आतनं इंजेक्शन निघालं. माझी जरा निराशा झाली कारण मला गोळ्या पाहिजे होत्या.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात, दुखतंय. आधी भूल देतात तरी दुखतंय, गालात सुई आणि तोंड तर उघडत नाही, त्या मॅडमचं हात घालायचं कसब बघण्यासारखं. आठवड्याला एक, आठ आठवडे. नाकातनं दुर्बीण घालून घसा पण बघितला कारण तोंडातनं जाणारच नव्हती. गालाचा तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर नाही असा रिपोर्ट आला त्या दिवशी कॅम्पातून कुंदा घेऊन गेलो घरी, अर्धा किलो.

आता माझ्या आवडीचा विषय, माप. तोंड किती उघडतंय ते वर्नियर कॅलिपरनं मोजतात, वरच्या मधल्या दाताच्या टोकापासून खालच्या मधल्या दाताच्या टोकापर्यंत. साधारण माणसाचं ३५ ते ४५ एमएम, माझं पहिल्या दिवशी १९. वर्नियर मी आयुष्यभर हातात धरलाय, तो माझ्याच तोंडात जाईल असं वाटलं नव्हतं. मी पहिल्या दिवशीच विचारलं, झिरो चेक केला काय? मॅडम बघत राहिल्या. मी त्यांच्याकडून घेतला, जबडे मिटवून दाखवले, झिरो बरोबर होता. पुढच्या वेळेपासून त्या माझ्यासमोर मिटवून दाखवायच्या, मग स्पिरिटनं पुसून माप घ्यायच्या. प्रत्येक वेळी तीन रीडिंग आणि त्यांची सरासरी. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला पण एवढं जमत नाही.

माप घेणाऱ्या मॅडम वेगळ्या आणि इंजेक्शन देणाऱ्या वेगळ्या. मापवाल्या मॅडमना आपल्याला इंजेक्शन आहे की गोळी हे सांगायचं नाही, असा नियम. कळलं तर मनातल्या मनात एक-दोन एमएम इकडंतिकडं होतात म्हणे. हे पटलं, मापात मन घातलं की माप गेलंच. एकदा मी "इंजेक्शननं गाल सुज–" म्हणेपर्यंत सिस्टरनी लांबूनच डोळे वटारले.

आणि इथंच एक स्टार कापला गेला. चौथ्या महिन्यात मापवाल्या मॅडम सुट्टीवर, एका इंटर्न पोराला माप घ्यायला बसवला. त्यानं वर्नियर टेकवला तो माझ्या तुटक्या दातावर. खालचा एक दात लहानपणी गोट्या खेळताना भांडणात तुटलाय, त्याच्यावर टेकवलं की दोन-तीन एमएम फुकटचे वाढतात. त्यानं वहीत लिहिलं २८. मी म्हटलं, बाळा, हे खोटं माप आहे, शेजारच्या अख्ख्या दातावर घे. तो म्हणतो वाढलंय ते चांगलंच आहे की काका. चांगलं कसं? मी जॉबचं माप खोटं लिहिलं तर पार्ट फिट होत नाही, इथं तर पुढच्या पेशंटना औषध कुठलं द्यायचं ते ह्यावर ठरणार. दुसऱ्या आठवड्यात परत गेलो, मॅडमनी घेतलं, २५ आलं. त्यांनी जुना आकडा एका रेघेनं खोडून बाजूला सही-तारीख टाकली, गिरवून बुजवला नाही. पण मी टर्नर नसतो तर तो २८ तसाच राहिला असता की नाही सांगा.

दुसरी तक्रार पैशाची. स्टडीसाठी म्हणून जादा रक्त तपासलं आणि बिल मला दिलं, कागदावर तर स्टडीच्या तपासणीला खर्च नाही असं लिहिलेलं. तिसऱ्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे स्टडीत पेशंटवर अन्याय होत नाही ना ते बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतोय, तो कोण बघत नाही, मी बघितला आणि लावला. वाटलं उचलणार नाहीत. उचलला, नाव नंबर घेतला, पुढच्या खेपेला कॅश काउंटरवर पैसे परत. त्यामुळं ह्याचा स्टार कापला नाही, अर्ध्या दिवसाचा पगार मात्र गेला तो गेला. येण्याजाण्याचं भाडं द्यायला आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) नियमात मोकळीक आहे, पण थेसिसला फंड नसतोय म्हणाले. खानापूर, चिकोडीवरनं येणाऱ्यांचं काय होत असेल.

घरचा व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दातांत एकावर एक ठेवायच्या, रोज जितक्या बसतील तितक्या, आणि हळूच आणखी एक सरकवायची. पहिल्या दिवशी ९. डोळ्यात पाणी येतंय. मी हुशारी केली, वर्कशॉपमध्ये नायलॉनचा पाचरासारखा तुकडा बनवला, झकास टेपर दिला, मॅडमना दाखवला. त्यांनी कौतुक केलं आणि वापरू नका म्हणाल्या, सगळ्यांनी एकसारखं करायला पाहिजे, एकानं पाचर एकानं काडी असं चालत नाही. तो तुकडा आता आमच्या दाराखाली लावलाय, वाऱ्यानं आपटत नाही.

बाकड्यावर बसून एक गोष्ट मात्र कळली. निपाणीचे आमचे साडू, तंबाखूच्या वखारीत हमाली केलेले, त्यांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा मानेतल्या गाठी पण काढल्या. मानेला गाठच लागत नव्हती हाताला, मग मान कशाला कापली म्हणून घरात वर्षभर धुसफूस. मी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, हा वाद डॉक्टरांत पण वर्षानुवर्षं होता, मग मुंबईच्या टाटा मेमोरियलनं २००४ ते २०१४ पेशंट घेऊन असाच चिठ्ठ्या टाकून अभ्यास केला, निम्म्यांची मान लगेच साफ केली, निम्म्यांची गाठ दिसली तरच. पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ ला छापून आला, तीन वर्षांनी जिवंत असलेले, मान लगेच साफ केलेल्यांत ८० टक्के, दुसऱ्यांत ६७.५ टक्के. मी साडूंना फोन लावून हे सांगितलं. ते म्हणाले, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?" बरोबरच आहे.

ज्याला असं स्टडीत येता काय विचारतील त्यानं सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत बघावं, आयसीएमआरचीच आहे, फुकट आहे, मोबाईलवर उघडतंय. २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. पोराला शोधायला लावलं, आमची स्टडी सापडली, पीजी थेसिस आहे असं पण लिहिलेलं. इंग्रजीत आहे तेवढं सांभाळून घ्या.

सहा महिने झाले, शेवटचं माप २७, आग दहापैकी आठ होती ती तीनवर आली. कानाचा दडा गेला नाही पण कमी आहे. कुठला गट जिंकला ते विचारलं तर अजून पेशंट पूर्ण झाले नाहीत म्हणाले. इंजेक्शनवाल्या मॅडमचा कोर्स संपत आलाय, त्या गावी जाणार. निकाल कळवाल काय म्हटल्यावर त्यांनी नंबर लिहून घेतला, पण कागदावर तशी ओळ कुठं नाही, मी परत चारही पानं वाचली. कापलेल्या स्टारातला पाव त्या फोनसाठी राखून ठेवलाय.

जाणार असाल तर सोमवारी जाऊ नका, मरणाची गर्दी. आधारची झेरॉक्स दोन न्या. मराठी कागद तोंडानं मागा. काड्या सध्या १३ जातायत. पाणीपुरी अजून नो-गो, शेवपुरी गो.